अधिवृक्काचे तीन थर : एका प्रश्नाची दीडशे वर्षे

काही वर्षांपूर्वी गौरीजेवणाच्या दिवशी संध्याकाळी आमच्या आनंद नगरातील घरी आत्याबाई एकाएकी कोसळल्या. वय चौऱ्याहत्तर. दोन दिवस अंगात बारीक ताप होता, अन्नावर वासना नव्हती. पण सणाच्या गडबडीत कोणी फारसे मनावर घेतले नाही. इस्पितळात नेईपर्यंत रक्तदाब फारच उतरला होता आणि रक्तातली साखरही. तेथील तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो गोळ्यांचा. तेव्हा उलगडा झाला की, गुडघ्यांसाठी म्हणून आत्याबाई अडीच वर्षे कसल्याशा गोळ्या घेत होत्या. गुण येत असे म्हणून कोणी चौकशी केली नव्हती. चातुर्मास लागताच 'आता पुरे झाले औषध' असे ठरवून त्यांनी त्या एका दिवसात सोडल्या. गोळ्या स्टेरॉइडच्या होत्या.

डॉक्टरांनी शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन आणि सलाइन सुरू केले. रक्ताचा अहवाल हाती आल्यावर ते सहज म्हणाले, "पोटॅशियम ठीक आहे. म्हणजे बाहेरचा थर जागा आहे, आतले झोपले आहेत." आत्याबाई रात्रीतून सावरल्या. आम्हांला त्या वाक्याचा अर्थ मात्र त्या वेळी लागला नाही. एकाच ग्रंथीचा एक थर जागा आणि त्याला लागून असलेला दुसरा झोपलेला, हे कसे? थर जर इतके निरनिराळे असतील तर ते तसे होतात कशाने आणि राहतात कशाने? त्या वाक्याचा माग काढता काढता जो इतिहास हाती आला, तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांविषयी दोन शब्द. 'वृक्क' म्हणजे मूत्रपिंड आणि त्याच्यावर बसलेली ती 'अधिवृक्क' ग्रंथी. हा शब्द मराठीत आणि हिंदीत सारखाच असल्याने भोपाळात तो अडत नाही. अडतो तो 'पेशी' हा शब्द. हिंदी माध्यमात शिकलेल्या आमच्या नातवंडांना 'पेशी' म्हटले की एक तर स्नायू आठवतो, नाही तर कचेरीतली तारीख. आम्ही ज्याला पेशी म्हणतो त्याला ती 'कोशिका' म्हणतात आणि मराठी विश्वकोशानेही कोशिका हाच शब्द जवळ केला आहे. तरीही महाराष्ट्रातल्या शाळांत रुळलेला आणि आमच्या पिढीच्या जिभेवर बसलेला पेशी हाच शब्द येथे वापरीत आहोत.

अधिवृक्क ग्रंथी दोन. प्रत्येकीचे वजन चार-पाच ग्रॅम, म्हणजे चिमूटभरच. उभी चिरली तर मध्यभागी एक गाभा दिसतो, त्याला मध्यक म्हणतात. त्याभोवती पिवळसर जाड भाग, ते बाह्यक. आणि या सर्वांवर एक पातळ, चिवट आवरण. गाभ्याचे काम आणि कुळ दोन्ही वेगळी असल्याने त्याचा विचार येथे करीत नाही. आपली गोष्ट बाह्यकाची आहे.

या ग्रंथीचे पहिले स्पष्ट वर्णन इटलीतील बार्तोलोमेओ युस्टाकी यांनी १५६३ मध्ये केले. पुढची तीनशे वर्षे तिचे काम काय, हे कोणालाही सांगता आले नाही. १६११ मध्ये कास्पार बार्थोलिन यांनी तिला पोकळ पिशवी मानले आणि तीत काळे पित्त साठते असे लिहिले. मृत्यूनंतर गाभा फार लवकर विरघळतो आणि तेथे पोकळी दिसते; त्या पोकळीने त्यांना फसवले. १७१६ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथील विद्वत्सभेने या ग्रंथीच्या कार्यावरील निबंधासाठी पारितोषिक जाहीर केले. १७१८ मध्ये आलेल्या निबंधांविषयी सभेपुढे बोलण्याचे काम माँतेस्क्यू यांच्याकडे आले. राज्यसत्तेच्या विभागणीचा विचार जगाला देणारे ते हेच माँतेस्क्यू. त्यांनी एकेका निबंधाचा परामर्श घेतला आणि पारितोषिकास पात्र असे काहीच आढळले नाही, असे सांगितले. एवढ्या परिश्रमांनी जे साधले नाही ते एखादे दिवशी योगायोग साधून देईल, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. साहित्यिकाने विज्ञानाच्या निबंधांविषयी दिलेला हा निकाल साहित्यसभेच्या पत्रिकेत नोंदवण्याजोगा आहे.

तो दिवस उगवला १८५५ मध्ये. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील टॉमस ॲडिसन यांनी अकरा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. दिवसेंदिवस वाढणारा अशक्तपणा, क्षीण नाडी, पोटाच्या तक्रारी आणि त्वचेवर चढत जाणारी काळसर छटा, अशी ती लक्षणे होती. मृत्यूनंतर पाहिले तर अधिवृक्क ग्रंथी रोगाने नासलेल्या, कित्येकांच्या क्षयाने. पुढल्याच वर्षी ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांच्या दोन्ही ग्रंथी काढून पाहिल्या आणि प्राणी लवकरच दगावले. चिमूटभर मांसाच्या या तुकड्यांवाचून जगता येत नाही, एवढे त्यामुळे पक्के झाले.

येथे हा इतिहास क्षणभर महाराष्ट्रातून जातो. लंडनमधील हेन्री ग्रे हे नाव शरीररचनेच्या ग्रंथामुळे सर्वतोमुखी आहे. त्याच ग्रे यांनी १८५२ मध्ये कोंबडीच्या गर्भातील नलिकारहित ग्रंथी कशा घडतात यावर निबंध लिहिला होता आणि त्यात अधिवृक्काचा समावेश होता. त्यांच्या १८५८ च्या ग्रंथातील चित्रे काढली हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी. ग्रंथ बाहेर पडण्यापूर्वीच कार्टर बोटीने मुंबईस निघाले होते. ग्रँट वैद्यक महाविद्यालयात ते शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. १८६३ पासून काही वर्षे ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते, तेथील तुरुंगाची देखरेखही त्यांच्याकडेच होती. पुढे ते महारोगावरील आणि उलटून येणाऱ्या तापावरील संशोधनासाठी ओळखले गेले. ज्या हातांनी जगाला मानवी देह चितारून दाखवला, ते हात पुढची तीस वर्षे मुख्यत्वे मुंबई इलाख्यात राबले, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या लक्षात नसते. ग्रे मात्र १८६१ मध्ये देवीच्या रोगाने अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. गर्भात ही ग्रंथी कशी घडते, हा त्यांनी तरुणपणी हाती घेतलेला प्रश्न तसाच मागे राहिला.

कार्टर साताऱ्यात असताना, १८६६ मध्ये, जर्मनीतील हायडेलबर्गचे युलिउस आर्नोल्ड यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बाह्यकाचे तीन थर वेगळे ओळखले आणि त्यांना लॅटिन नावे दिली. तीच आजही चालतात. अगदी बाहेरचा, आवरणाला चिकटून असलेला 'झोना ग्लोमेरुलोजा': त्यातील पेशी सुताच्या गुंड्यांसारख्या गोळा झालेल्या. मधला 'झोना फॅसिक्युलाटा': पेशींच्या लांब सरळ रांगा, जणू कडब्याच्या पेंढ्या उभ्या केलेल्या. गाभ्याजवळचा 'झोना रेटिक्युलॅरिस': पेशींची गुंतागुंतीची जाळी. आपण त्यांना गुंड्यांचा, पेंढ्यांचा आणि जाळीचा थर म्हणू. प्रौढ माणसात बाह्यकाचा सुमारे पाऊण हिस्सा पेंढ्यांच्या थराचा असतो. उरलेला हिस्सा बाकीच्या दोघांचा.

आर्नोल्ड यांनी जे पाहिले ते आकार होते. आकारांनी प्रश्न सुटला नाही, उलट उभा राहिला. हे तीन थर म्हणजे तीन वेगळ्या कुळांच्या पेशी आहेत काय? की एकाच कुळातील पेशींची बालपण, तारुण्य आणि वार्धक्य ही तीन वये आहेत? १८८३ मध्ये गोटशाऊ यांनी दुसऱ्या बाजूने कौल दिला. पेशी बाहेरच्या कडेला जन्मतात, हळूहळू आत सरकतात आणि गाभ्यापाशी पोहोचून मरतात, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरा पक्ष म्हणे की, प्रत्येक थर आपापली संतती आपणच वाढवतो, शेजाऱ्याशी त्याचा संबंध नाही. दोन्ही बाजूंनी पुरावे होते आणि दोन्ही बाजूंना अडचणी होत्या. मृत ग्रंथीचा पातळ काप म्हणजे एका क्षणाचे छायाचित्र. छायाचित्रात माणूस उभा आहे की चालतो आहे, हे ओळखणे अवघडच.

विसाव्या शतकात प्रयोग अधिक धीट झाले. १९३० च्या सुमारास फिलिप स्मिथ यांनी उंदरांच्या मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी काढली, तर दूर मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्काचे बाह्यक सुकत गेले. पियुषिकेकडून रक्तावाटे काहीतरी आज्ञा येते, ती बंद झाली की बाह्यक वाळते, हे त्यावरून कळले. ही आज्ञा म्हणजे आज एसीटीएच या नावाने ओळखले जाणारे संप्रेरक. १९४६ मध्ये हार्वर्डच्या हेलन डीन आणि रॉय ग्रीप यांनी हेच अधिक बारकाईने पाहिले. सुकतात ते आतले थर. बाहेरचा गुंड्यांचा थर मात्र पियुषिका नसतानाही टिकून राहतो. आमच्या डॉक्टरांच्या वाक्याचे मूळ आम्हांला येथे सापडले.

त्याआधीचा, १९३८ चा, ड्वाइट इंगल आणि जॉर्ज हिगिन्स यांचा एक प्रयोग तर नवल वाटावे असा आहे. त्यांनी उंदराच्या अधिवृक्काला चीर देऊन आतला सगळा ऐवज, आंब्याचा बाठा दाबून काढावा तसा, बाहेर काढला. शिल्लक राहिले ते आवरण आणि त्याला आतून चिकटलेल्या थोड्या पेशी. काही आठवड्यांत त्या रिकाम्या सालीतून सारे बाह्यक पुन्हा उभे राहिले. गाभा मात्र परत आला नाही. आवरण आणि त्याखालचा पेशींचा पातळ पदर एवढ्यातच पुढच्या साऱ्या थरांचे बीज आहे, हे यापेक्षा स्पष्टपणे कोणते छायाचित्र सांगणार?

दरम्यान रसायनशास्त्रज्ञ थरांची कामे शोधीत होते. केंडल आणि राइखश्टाइन यांनी बाह्यकातील स्टेरॉइडे वेगळी केली. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या एका रोगी बाईला कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांत ती चालू-फिरू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक तिघांना मिळून देण्यात आले. आत्याबाईंच्या गुडघ्यांच्या गोळ्यांची वंशावळ ती हीच. १९५३ मध्ये लंडनच्या सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट यांनी राइखश्टाइन यांच्या सहकार्याने आल्डोस्टेरोन शुद्ध स्वरूपात मिळवले. शरीरातले मीठ राखणारे आणि पोटॅशियम बाहेर टाकणारे हे संप्रेरक गुंड्यांच्या थरातून येते. पेंढ्यांच्या थरातून येते कॉर्टिसॉल. ते साखर, रक्तदाब आणि संकटात तग धरण्याची शक्ती सांभाळते. जाळीच्या थरातून पुरुष-संप्रेरकांची कच्ची रूपे येतात. बाहेरचा थर मुख्यत्वे मूत्रपिंडाकडून सुरू होणाऱ्या अँजिओटेन्सिनच्या आणि रक्तातील पोटॅशियमच्या इशाऱ्यावर चालतो, आतले दोन पियुषिकेच्या आज्ञेवर.

आता आत्याबाईंचे दुखणे नीट उलगडते. अडीच वर्षे स्टेरॉइड बाहेरून आयते मिळत होते; पियुषिकेने आज्ञा देणे सोडले आणि आतले थर आक्रसून गेले. बाहेरच्या थराचा धनी वेगळा, म्हणून तो चालू राहिला आणि पोटॅशियम बिघडले नाही. गोळ्या थांबल्या तेव्हा संकटाला तोंड देणारे कॉर्टिसॉल ना बाहेरून होते ना आतून, आणि अशा वेळी साधा तापही भारी पडला.

थरांचे वेगळेपण किती बारीक धाग्यावर असते याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. आल्डोस्टेरोन बनवण्याची शेवटची पायरी पार पाडणारे एन्झाइम फक्त गुंड्यांच्या थरात असते, तर कॉर्टिसॉलची शेवटची पायरी पार पाडणारे पेंढ्यांच्या थरात. माणसात या दोहोंची जनुके एकाच गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत आणि दोन्ही एन्झाइमांची घडण शेकडा नव्वदहून अधिक सारखी आहे. दोन्ही जनुके प्रत्येक पेशीपाशी आहेत. कोणते उघडायचे आणि कोणते मिटलेले ठेवायचे, एवढाच काय तो फरक. म्हणजे मूळ प्रश्न उरतोच: हे ठरवते कोण?

त्यासाठी घडणीकडे पाहिले पाहिजे. माणसाच्या गर्भात चौथ्या-पाचव्या आठवड्याच्या सुमारास उदरपोकळीच्या अस्तरातील काही पेशी एकत्र येतात; अधिवृक्काचे बाह्यक आणि जननग्रंथी या दोहोंचे ते समाईक मूळ. पुढे ती दोन घराणी वेगळी होतात. गाभ्याच्या पेशी मात्र चेतासंस्थेच्या कुळातल्या, दुरून चालत येऊन आत वस्ती करणाऱ्या. नवव्या आठवड्याच्या आसपास सर्वांभोवती आवरण तयार होते. गर्भातील बाह्यकाचा बहुतेक भाग एका खास 'गर्भथरा'चा असतो. त्यामुळे शरीराच्या मानाने ही ग्रंथी प्रौढाच्या दहा ते वीस पट मोठी असते. जन्मानंतर काही महिन्यांत हा गर्भथर विरून जातो आणि आवरणाखालच्या पातळ पट्ट्यातून कायमचे थर आकार घेतात. जाळीचा थर सर्वांत उशिरा येतो. तो तीन-चार वर्षांच्या वयापासून दिसू लागतो आणि सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान कामाला लागतो. म्हणजे मूल पहिली-दुसरीत जाते तेव्हा कुठे त्याच्या ग्रंथीचे तिन्ही थर नांदू लागतात.

घडणीच्या मुळाशी कोणते जनुक आहे याचा पहिला मोठा धागा १९९२ मध्ये हाती आला. अमेरिकेत कीथ पार्कर आणि जपानमध्ये केनइचिरो मोरोहाशी यांच्या गटांनी स्वतंत्रपणे एक नियामक प्रथिन शोधले. त्याला एसएफ-वन म्हणतात. १९९४ मध्ये दिसून आले की, ज्या उंदरांत त्याचे जनुक नाही त्यांना अधिवृक्क ग्रंथी होतच नाहीत. पण एसएफ-वन तिन्ही थरांत असते. ते बाह्यक घडवते. थर वेगळे कसे राहतात हे त्याने सांगता येत नाही.

उत्तर मिळाले ते पेशींना रंग देण्याच्या युक्तीने. बोस्टन येथील डेव्हिड ब्रॉल्ट यांच्या गटाने २०१३ मध्ये असे उंदीर तयार केले की, ज्या पेशीने आल्डोस्टेरोनचे एन्झाइम एकदा जरी वापरले ती कायमची रंगली पाहिजे. पुढे ती काहीही होवो, रंग जायचा नाही. आरंभी रंग फक्त बाहेरच्या थरात दिसला. दिवस गेले तसे रंगीत पेशींचे पट्टे आत उतरू लागले आणि कालांतराने पेंढ्यांचा थरही रंगून गेला. मीठ सांभाळणाऱ्या पेशीच आत सरकून कॉर्टिसॉल बनवणाऱ्या झाल्या होत्या. छायाचित्रातला माणूस चालत होता! १३० वर्षांनी गोटशाऊ यांचा कौल मूळ मुद्द्यात खरा ठरला. पण निसर्ग एकाच वाटेवर विसंबत नाही. याच गटाने बाहेरच्या थराची घडण रोखून पाहिली तेव्हा आतला थर दुसऱ्या आडवाटेने तयार झालाच.

हे समजायला शाळेचा दाखला पुरे. पाचवीचा वर्ग दर वर्षी असतो, सहावीचाही असतो. मुले मात्र बदलतात. यंदाचा पाचवीतला मुलगा पुढल्या वर्षी सहावीत बसतो आणि सहावीचेच धडे म्हणतो. वर्ग टिकतो, मुले पुढे सरकतात. थराचेही तसेच आहे. थर म्हणजे विशिष्ट पेशी नव्हेत. थर म्हणजे ती जागा आणि त्या जागेवर मिळणारी शिकवण.

ही शिकवण देणारा गुरुजी कोण, हे पुढच्या काही वर्षांत उलगडले. २०१६ मध्ये फ्रान्समधील नीस येथील आंद्रेआस शेड्ल यांच्या गटाने दाखवले की, बाहेरचे आवरण आर-स्पाँडिन-३ नावाचे प्रथिन स्रवते. त्यामुळे आवरणालगतच्या पेशींत 'विंट' नावाचा संदेश जोरदार राहतो आणि त्या गुंड्यांच्या थराच्या होतात व राहतात. आवरणातून ते प्रथिन काढून टाकले तर गुंड्यांचा थर नाहीसा होतो आणि बाह्यकही आक्रसते. त्याच वर्षी फ्रान्समधीलच क्लेरमाँ येथील संशोधकांनी दुसरी बाजू दाखवली. पियुषिकेच्या आज्ञेने पेशींत जी हालचाल सुरू होते ती विंटचा संदेश दाबते आणि पेशीला आतल्या थराचे रूप देते. एका बाजूने आवरणाचा आवाज, दुसऱ्या बाजूने रक्तावाटे येणारी पियुषिकेची आज्ञा. आवरणापासून जसजसे दूर जावे तसतसा पहिला आवाज मंदावतो. जेथे पारडे फिरते तेथे थराची सीमा पडते. मध्ये भिंत कोठेच नाही.

आणखी एक गोष्ट. हे बोलणे एकतर्फी नाही. २००९ च्या सुमारास झालेल्या संशोधनात दिसले की, आवरणाखालच्या पेशी उलट आवरणाला हेजहॉग नावाचा संदेश देतात. तो ऐकणाऱ्या आवरणातील पेशींपैकी काही स्वतः आत येऊन बाह्यकाच्या होतात. म्हणजे आवरण नुसते कुंपण नाही. ते सांगते, ऐकते आणि वेळप्रसंगी आपली माणसेही पाठवते. यातले पुष्कळसे उंदरांत पाहिलेले आहे आणि उंदरांना आपल्यासारखा जाळीचा थर नसतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे. माणसात वय वाढते तसा गुंड्यांचा आल्डोस्टेरोन बनवणारा थर सलग राहत नाही. जागोजागी विरळ होऊन त्याचे पुंजके उरतात. २०१० नंतर हे पुंजके बारकाईने अभ्यासले जात आहेत. सलग थर राहणे हे आपोआप होत नाही, याचाच तो पुरावा.

ग्रंथीवरून समाजाचे नियम काढू नयेत, हे आम्हांला मान्य आहे. तरीही हे सगळे वाचीत असता आमचे लक्ष वारंवार स्वतःच्या वस्तीकडे जाई. १९५६ मध्ये भोपाळ राजधानी झाले, त्याच वर्षी येथे विजेच्या अवजड यंत्रांचा कारखानाही स्थापन झाला आणि ग्वाल्हेर, इंदूर, नागपूर येथून मराठी माणसे येथे आली. सरकारी निवासस्थानांत आणि पिपलानीच्या क्वार्टरांत राहिली, निवृत्तीनंतर कोणी कोणी आमच्यासारखे आनंद नगरात घर बांधून स्थिरावले. सत्तर वर्षे होत आली. आपण मराठी आहोत ते कुळामुळे, अशी आपली ठाम समजूत असते. गोटशाऊ यांच्या विरोधकांचीही थरांविषयी अशीच समजूत होती. ग्रंथीचा इतिहास सांगतो की, कूळ सर्वांचे एकच. थर टिकतो तो रोजच्या बोलण्याने. आवरणाने सांगणे सोडले तर बाहेरच्या थराची पेशी आपल्या पूर्वजांच्या पुण्याईवर तशीच राहत नाही.

पण तोच इतिहास दुसरेही सांगतो, आणि ते आपल्या पिढीने ऐकण्यासारखे आहे. आत सरकलेली पेशी बिघडलेली नसते. ती दुसऱ्या कामाची झालेली असते. आत्याबाईंचा जीव धोक्यात आला तो त्या आतल्या पेशी निजल्यामुळेच. हिंदीत विचार करणारी, हिंदीत हसणारी आमची नात वाया गेली असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. ती आपल्या ठिकाणी तिचे काम चोख करते आहे. आमचे काम वेगळे आहे: जे आवरणाजवळ आहेत त्यांच्याशी बोलत राहणे, त्यांचे ऐकणे, आणि पाचवीचा वर्ग रिकामा पडू न देणे.

आत्याबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या गोळ्या डॉक्टरांनी एकदम न थांबवता महिनोन् महिने कणाकणाने उतरवल्या. मधूनमधून सकाळच्या रक्तातले कॉर्टिसॉल तपासले आणि सुमारे वर्षभराने आतले थर पुरते जागे झाले. वाचकांपैकी कोणी दम्यासाठी वा संधिवातासाठी अशा गोळ्या दीर्घकाळ घेत असतील, तर त्या आपल्या मनाने एकाएकी सोडू नयेत, आणि कोणतीही अनोळखी गोळी कशाची आहे हे विचारल्याशिवाय घेऊ नये, एवढी विनंती. आत्याबाईंच्या बटव्यात त्या दुखण्याची माहिती लिहिलेले एक कार्ड अजून असते. हिंदी आणि इंग्रजी मजकूर डॉक्टरांनी लिहिला. खाली मराठी मजकूर नातीने आपल्या हाताने लिहून दिला आहे. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका आहेत. आत्याबाईंनी त्या दुरुस्त करू दिलेल्या नाहीत.